क्लिअर स्टॅम्प चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं

क्लिअर स्टॅम्प, म्हणजे पारदर्शक ठोकळ्यावर (ब्लॉकवर) चिकटवून वापरायचा पारदर्शक स्टॅम्प, घेताना बहुतेक जण तो उजेडाकडे धरतात आणि किती नितळ आहे ते बघतात. नितळपणा कामाचा असतोच. ब्लॉकवर लावलेल्या स्टॅम्पमधून खालचा कागद दिसतो, त्यामुळे नाव किंवा नक्षी नेमकी हव्या त्या जागी उमटवता येते. पण ठसा कसा येणार, हे नितळपणावरून कळत नाही. सिलिकॉनचा स्टॅम्प पुष्कळदा फोटोपॉलिमरपेक्षा जास्त स्वच्छ दिसतो आणि शाई मात्र धरत नाही. किंचित मधाळ रंगाचा फोटोपॉलिमर स्टॅम्प दुकानात बाजूला पडून राहतो आणि ठसा तोच उत्तम देतो.

दुसरी अडचण अशी की ठसा बिघडला की दोष सरळ स्टॅम्पला दिला जातो. प्रत्यक्षात ठसा स्टॅम्प, शाई, कागद, खालची गादी आणि दाबणारा हात अशा पाच गोष्टींनी मिळून येतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एप्रिल-मे महिन्यांत त्यात हवेची भर पडते. स्टॅम्प पारखायचा तर बाकीचं सगळं कायम ठेवून एकच गोष्ट बदलत जावी लागते. पुढची सगळी माहिती याच रीतीने मांडली आहे.

माल कोणता आहे

पाकिटावर ‘क्लिअर स्टॅम्प’ किंवा ‘अ‍ॅक्रिलिक स्टॅम्प’ लिहिलेलं असतं. त्यावरून माल कळत नाही. अ‍ॅक्रिलिकचा असतो तो ठोकळा, म्हणजे ज्यावर स्टॅम्प चिकटवतात तो ब्लॉक. स्टॅम्प साधारण तीन प्रकारच्या मालाचा असतो.

पहिला फोटोपॉलिमर. हे मुळात मधासारखं दाट, वाहणारं राळेचं द्रव असतं आणि अतिनील प्रकाश पडला की ते कडक होतं. नक्षीची निगेटिव्ह फिल्म वापरून जिथे उठाव हवा तेवढ्याच जागी प्रकाश पाडतात आणि न गोठलेलं द्रव धुऊन टाकतात. बारीक रेषा, ठिपके आणि अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा यात सर्वांत स्वच्छ येतात.

दुसरा सिलिकॉन. हा साच्यात घालून करतात. तो मऊ आणि लवचीक असतो, उन्हाने पिवळाही पडत नाही. पण सिलिकॉनच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, गोळा होतं, आणि पाण्यावर आधारलेली शाईही तशीच वागते. घासून थोडा फरक पडतो, पण मूळ गुण बदलत नाही.

तिसरा मऊ केलेलं व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी, किंवा त्याच जातीचं स्वस्त रबरी प्लॅस्टिक. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. काही महिन्यांनी तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. मग स्टॅम्प ओशट लागतो, धूळ धरतो आणि ज्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला असेल तिलाही खराब करतो.

घरच्या घरी माल ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली वास. पाकीट उघडल्याबरोबर नव्या पीव्हीसीचा उग्र वास आला, तर संशय घ्या. जळगावच्या एमआयडीसीतल्या पाइपांच्या कारखान्यांमुळे हा वास तिकडच्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. फोटोपॉलिमरचा वास अगदी मंद असतो, किंवा नसतोच. दुसरी खूण सेलोटेप. स्टॅम्पच्या पाठीच्या रुंद भागावर टेपचा छोटा तुकडा लावून सावकाश उचला. सिलिकॉनवर साधी टेप जवळजवळ बसतच नाही, नुसती सरकून सुटते. फोटोपॉलिमरवर ती नीट चिकटते. बारीक शब्दांच्या स्टॅम्पवर हा प्रयोग करू नका, रेषा ताणली जाते. तिसरी खूण नख. रुंद भागावर नखाने हलकेच दाबून सोडा. चांगल्या स्टॅम्पवरची खूण लगेच भरून निघते. खूण राहिली तर माल अर्धा कच्चा आहे. नख रुतलंच नाही आणि स्टॅम्प काडीसारखा ताठ राहिला, तर तो फार कडक आहे.

फोटोपॉलिमरही आपोआप चांगलाच असतो असं नाही. प्रकाश कमी पडलेला स्टॅम्प चिकट राहतो, बोटाचा ठसा धरतो, त्याच्या बारीक रेषा लुळ्या पडतात. प्रकाश जास्त झालेला ठिसूळ होतो, आणि अक्षरांतल्या मोकळ्या जागाही त्याच कारणाने बुजलेल्या निघतात. मालाचं नाव कळल्यावर घडण तपासायचं काम उरतंच.

उठाव, उतार आणि पाठ

स्टॅम्प ज्या प्लॅस्टिक शीटवर चिकटून येतो तिच्यावरून न काढता डोळ्याच्या उंचीवर आडवा धरा आणि बाजूने उजेड येऊ द्या. शाई लागणारा वरचा भाग आणि खालची बैठक यांत स्पष्ट अंतर दिसायला हवं. साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या स्टॅम्पमध्ये निदान एक मिलिमीटर उठाव असेल तर काम निभतं. त्याहून कमी असेल, तर पॅड टेकवताना शाई बैठकीलाही लागते आणि ठशाभोवती डाग उमटतात.

मग उतार बघा. रेषा वर बारीक असली तरी खाली जाताना ती रुंद व्हायला हवी. प्रकाश फिल्मजवळून आत शिरत जातो तसा थोडा पसरतो, म्हणून नीट केलेल्या फोटोपॉलिमरमध्ये हा उतार आपोआप तयार होतो. उतार नसलेली, सरळ उभी रेषा दाबल्यावर एका बाजूला कलते आणि ठसा जाड किंवा दुहेरी येतो. वर रुंद आणि मुळाशी कोरलेली रेषा त्याहून वाईट, कारण ती चारदोन वापरांत तुटते. उलट उतार फार पसरट असेल, तर जोर थोडा वाढला तरी उतारही कागदाला टेकतो. हा तोल दुकानात उभ्या उभ्या तपासायला साधं दहापटीचं भिंग पुरतं. ते जवळ असणं महागड्या ब्लॉकपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

बुडबुडेही शोधा. बैठकीच्या आत खोलवर असलेला बारीक बुडबुडा निरुपद्रवी असतो. वरच्या पृष्ठभागावर फुटलेला बुडबुडा मात्र खड्डा करतो आणि भरीव नक्षीत दर ठशाला त्याच जागी पांढरा ठिपका येतो. नीट न कापलेल्या कडाही बघा. नक्षीभोवतीची जास्तीची पातळ किनार उठावाच्या उंचीपर्यंत वर आली असेल, तर तिलाही शाई लागते. ती बारीक कात्रीने कापता येते, तेवढ्यावरून स्टॅम्प नाकारायची गरज नाही.

पाठ सपाट हवी. क्लिअर स्टॅम्पला लाकडी स्टॅम्पसारखी फोमची गादी नसते, तो थेट कडक ब्लॉकवर बसतो. त्यामुळे पाठीतला खोलगटपणा ठशात जसाच्या तसा दिसतो. स्टॅम्प स्वच्छ काचेवर पाठीकडून ठेवा आणि काचेच्या खालून बघा. जिथे हवा अडकली असेल तिथे चंदेरी डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर डाग सरकून कडेने निघून गेला तर ठीक. पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहिला, तर तिथे पाठ खोल आहे.

चिकटून राहण्याची परीक्षा त्यानंतर. ब्लॉक आणि स्टॅम्पची पाठ साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, स्टॅम्प लावा आणि ब्लॉक उलटा करून दहा मिनिटं तसाच ठेवा. चांगला स्टॅम्प हलत नाही. कडा सुटू लागल्या तर पाठ पुन्हा धुऊन बघा, कारण बहुतेक वेळा दोष बोटांच्या तेलाचा किंवा धुळीचा असतो. दुसऱ्यांदाही सुटला, तर तो सिलिकॉन किंवा व्हिनाइल असण्याची शक्यता बरीच. ब्लॉक निदान ८ ते १० मिलिमीटर जाड असावा. पातळ ब्लॉक दाबताना मधोमध वाकतो, आणि त्याची शिक्षा स्टॅम्पला भोगावी लागते.

ठसा घेऊन बघायची रीत

इथे घाई करू नका, खरी पारख इथेच होते.

कागद ठरवून घ्या: गुळगुळीत आयव्हरी कार्ड, २५० ते ३०० जीएसएम. चकचकीत आर्ट कार्डवर शाई मुरत नाही, पसरते. हातकागदावर आणि केळीच्या सोपटाच्या तंतूंपासून केलेल्या कागदावर पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे ठसा तुटतो. असे कागद शुभेच्छापत्राला सुंदर दिसतात, पण परीक्षेला चालत नाहीत. केळीच्या कागदावरच छापायचं असेल, तर त्यासाठी मोठी, भरीव, साधी नक्षी निवडावी.

कागदाखाली दोन मिलिमीटरची फोम शीट किंवा माउसपॅड ठेवा. कडप्प्याच्या ओट्यावर थेट कागद ठेवला, तर उत्तम स्टॅम्पही मधे मधे फिका उमटतो. गादी फार मऊही नको. कागद तिच्यात दबला की उताराच्या कडा उमटतात.

शाई दोन प्रकारची घ्या, दोन्ही काळ्या. एक डाय शाई, उदाहरणार्थ मेमेंटो. दुसरी पिगमेंट शाई, उदाहरणार्थ व्हर्साफाइन. डाय शाई पातळ असते, लवकर सुकते आणि नव्या क्लिअर स्टॅम्पवर अळवावरच्या पाण्यासारखी थेंब थेंब होते. पिगमेंट शाई दाट असते आणि पृष्ठभागावर टिकून राहते, पण कागदावर सुकायला वेळ घेते. ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्प पॅडने परीक्षा करू नका. ती शाई सावकाश सुकते, कडा धूसर करते आणि स्टॅम्पवर कायमचा डाग ठेवते.

शाई लावताना स्टॅम्प वर तोंड करून ठेवा आणि पॅड हातात घेऊन वरून सात-आठ वेळा हलके टेकवा. पॅड घासू नका. उजेडात तिरकं धरून सगळीकडे सारखी ओल दिसते का ते बघा. ब्लॉक सरळ खाली ठेवा, दोन्ही तळहातांनी तीन-चार सेकंद सारखा दाब द्या, पुढेमागे डोलवू नका आणि सरळ वर उचला.

पहिला ठसा स्टॅम्प पाकिटातून काढल्याबरोबर डाय शाईने घ्या. तो ठिपकेदार येईल, आणि तो नापास करण्याचं कारण नाही. नव्या स्टॅम्पच्या पृष्ठभागावर घडणीतला गुळगुळीत थर असतो, तो शाईला बसू देत नाही. स्टॅम्प ओल्या फडक्याने पुसा, वाळवा आणि पांढऱ्या नॉन-डस्ट खोडरबराने सगळा पृष्ठभाग अर्धा मिनिट हलके घासा. खोडरबराचा भुगा झटकून दुसरा ठसा घ्या. मग पिगमेंट शाईने तिसरा.

हे तिन्ही ठसे शेजारी ठेवले की बरंच कळतं. दुसरा ठसा पहिल्यापेक्षा स्पष्ट सुधारला, तर स्टॅम्प चांगला आहे. त्याला फक्त तयार करायला हवं होतं, आणि पाच-सहा ठशांत तो आणखी सुधारेल. दुसरा सुधारला नाही पण तिसरा भरीव आला, तर पृष्ठभाग शाईशी थोडा फटकून वागतो. असा स्टॅम्प पिगमेंट शाईसाठी आणि एम्बॉसिंगसाठी (ओल्या ठशावर पावडर टाकून ती तापवून उठाव आणण्यासाठी) ठेवावा. तिसराही ठिपकेदार आला, तर माल सिलिकॉन किंवा व्हिनाइल समजा. फक्त भरीव भागावर एक हजार नंबरच्या पॉलिश पेपरचा एकच हलका हात फिरवून बघता येतो, पण बारीक रेषांवर तो कधीच लावू नका.

ठशात एका बाजूला फिकेपणा आला, तर पुढची परीक्षा करा. तिला दोन मिनिटं लागतात आणि निम्मे वाद तिच्याने मिटतात. स्टॅम्प ब्लॉकवरून काढून उलट्या दिशेने, म्हणजे अर्धा वळसा देऊन लावा. बाकी काही बदलू नका आणि पुन्हा ठसा घ्या. फिका भाग नक्षीबरोबर फिरला, म्हणजे आधी फुलाच्या देठाशी फिकं होतं आणि आताही देठाशीच आहे, तर दोष स्टॅम्पचा आहे: तिथे जाडी कमी किंवा पाठ खोल. फिका भाग तुमच्या उजव्या हाताकडेच राहिला, तर दोष हाताच्या दाबाचा, ब्लॉकचा किंवा गादीचा. मग कागद आणि गादीही असाच अर्धा वळसा देऊन बघा, म्हणजे उरलेला संशयित सापडतो. मिस्टीसारखा बिजागरी असलेला स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म वापरला तर दाब सारखा पडतो आणि फिक्या जागी दुसऱ्यांदा छापूनही भरता येतं. म्हणूनच परीक्षेच्या वेळी तो बाजूला ठेवा. दोनदा छापलं की स्टॅम्पचे दोष झाकले जातात.

नक्षीच्या कडेला दुसरी फिकट रेघ दिसली, तर आधी शाई कमी करून बघा. मऊ फोमचा पॅड जोरात टेकवला की तो उठावाच्या खाली उतरतो आणि उताराला शाई लावतो. अर्ध्या शाईनेही रेघ राहिली, तर उठाव कमी आहे आणि त्याला इलाज नाही. एखादी जागा दर वेळी पांढरी राहिली, तर ती भिंगातून बघा, बुडबुड्याचा खड्डा सापडेल. शब्द वाकडा उमटला, तर तो ब्लॉकवर वाकडा बसला आहे. ज्या शीटवर स्टॅम्प आला तिच्यावर बहुधा नक्षीची बाह्यरेषा छापलेली असते. स्टॅम्प परत तिच्यावर ठेवून जुळवा. तिथे जुळला तर स्टॅम्प ठीक आहे, एक टोक बाहेर गेलं तर तो ताणला गेला आहे.

थरांचे स्टॅम्प, म्हणजे एकाच फुलाची गडद, मध्यम आणि फिकी छटा तीन वेगळ्या स्टॅम्पनी छापायची असते ते, आणखी कडकपणे तपासावे. गोठताना माल किंचित आकसतो. तिन्ही थर सारखे आकसले नसतील, तर कितीही नेमकं ठेवलं तरी एका बाजूला पांढरी फट राहते. जोडीला कापणारी डाय (नक्षीच्या आकारात कार्ड कापायचा धातूचा साचा) असेल, तर शाई न लावता स्टॅम्प डायच्या आत ठेवून बघा. चारही बाजूंना सारखी मोकळी जागा हवी.

स्वस्त नकली संचही बाजारात पुष्कळ आहेत. मूळ नक्षीच्या छापील चित्रावरून पुन्हा फिल्म काढली की रेषा जाड होतात, टोकं गोल होतात आणि ठिपक्यांची छटा एकमेकांत मिसळते. दुकानात दोन संच शेजारी ठेवून फक्त पानांच्या शिरा आणि डोळ्यांच्या पापण्या बघा, नक्कल तिथेच उघडी पडते. नक्षी काढणाऱ्या कलाकाराची ती सरळ चोरी आहे, म्हणून असा संच स्वस्त आणि बरा वाटला तरी घेऊ नये.

देवनागरी अक्षरं

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’, बारशाचं आमंत्रण, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी पाठवायचं पत्र, कानबाईच्या उत्सवाचं बोलावणं, अहिराणीतल्या दोन ओळी, असं काही छापायचं असेल तर इंग्रजी मजकुराच्या परीक्षा पुरत नाहीत. देवनागरीच्या स्वतःच्या नाजूक जागा आहेत.

शिरोरेषा ही लांब, सलग, पातळ रेषा असते. स्टॅम्प शीटवरून ओढून काढला की सर्वांत आधी तीच ताणली जाते आणि शब्द धनुष्यासारखा वाकतो. उलट, अनुस्वार हा सगळ्यांपासून सुटा उभा असलेला एकच ठिपका. त्याला आधार देणारं शेजारी काही नसतं, म्हणून त्याची बैठक ठिपक्याच्या निदान दुप्पट रुंद हवी. ती अरुंद असेल तर ठिपका कलतो आणि ठशात स्वल्पविराम दिसतो. चंद्रबिंदूचंही तसंच. तिसरी जागा अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागांची: ध, भ, थ, क्ष, श्र. ‘शुभेच्छा’तला ‘च्छा’ तर हमखास बुजतो.

तपासताना लहानात लहान अक्षर निवडा आणि पिगमेंट शाईने सलग पाच ठसे घ्या, मधे स्टॅम्प पुसू नका. पाचव्या ठशातही ‘भ’चं पोट उघडं असेल आणि अनुस्वार गोल असेल, तर स्टॅम्प उत्तम. पहिल्यातच बुजलं असेल, तर मोकळ्या जागेत धुवायचं राहिलेलं द्रव गोठलेलं असतं. ते टोकदार सुईने खरवडून निघेल असं वाटतं, पण बहुधा शेजारची रेषाच फाटते.

शिक्केवाल्याकडून करून घेताना

आपल्या मजकुराचे देवनागरी संच तयार मिळणं कठीण असतं. पण ऑफिसचे शिक्के करणाऱ्यांकडे पॉलिमरचं यंत्र असेल, तर त्याच मालात नक्षी करून मिळते. अशी दुकानं जळगाव-धुळ्यातच काय, तालुक्याच्या गावीही सापडतात. फक्त काय मागायचं ते माहीत हवं.

नक्षी पूर्ण काळ्या रंगात, खऱ्या मापात द्या, राखाडी छटा नको. कोणतीही रेषा ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, आणि दोन रेषांतली मोकळी जागाही निदान तेवढीच ठेवा. कोरलड्रॉमधली फाइल देत असाल, तर अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत, बदलून द्या. एका संगणकावर श्रीलिपी आणि दुसऱ्यावर युनिकोड असेल, तर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात आणि चूक कळेपर्यंत फिल्म निघालेली असते. मजकूर उलटा करायचं काम दुकानदाराचं. तुम्हीही उलटा करून दिला, तर तो दोनदा उलटून सरळ होईल आणि ठसा आरशातला येईल.

निगेटिव्ह लेझर प्रिंटरवर काढत असतील, तर ती खिडकीकडे धरून बघा. काळा भाग विरळ असेल तर त्यातून प्रकाश झिरपतो आणि अक्षरांची पोटं बुजतात. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती तंतोतंत एकावर एक ठेवल्या की काळा भाग गडद होतो. ‘हँडल आणि फोम नको, नुसती पॉलिमरची पट्टी द्या’ असं सांगा. अशा पट्टीच्या पाठीला फिल्म असते, त्यामुळे ती ब्लॉकवर आपोआप चिकटत नाही, पारदर्शक दुहेरी टेप लावावी लागते.

पट्टी हातात आल्यावर चिकट लागली, तर पाण्याने भरलेल्या पसरट ताटलीत बुडवून पाच ते दहा मिनिटं उन्हात ठेवा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाला पूर्ण गोठू देत नाही. पाण्याखाली तो अडतो आणि खानदेशातलं ऊन उरलेलं काम करतं. अर्धा तास ठेवलं, तर मात्र पट्टी पिवळी आणि कडक होईल.

हवा, पाणी, धूळ

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत फोटोपॉलिमर मऊ पडतो. त्या वेळी तो शीटवरून ओढला की शब्द लांबतात आणि तसेच राहतात. स्कुटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत स्टॅम्प ठेवू नका. कुरिअरने पाकीट भर दुपारी आलं, तर घरात सावलीत तासभर ठेवून मग उघडा. काढतानाही स्टॅम्प ओढण्याऐवजी शीट मागे वाकवावी, म्हणजे तो आपोआप सुटतो. सुरुवात रुंद भागाकडून करायची.

त्याच दिवसांत हवा इतकी कोरडी असते की डाय शाई कागदावर पोचण्याआधीच स्टॅम्पवर सुकते. ठसा फिका येतो आणि दोष स्टॅम्पवर जातो. परीक्षा सकाळी लवकर करा, किंवा पिगमेंट शाई वापरा. कूलरच्या झोतासमोर बसू नका, ओलसर हवेने कार्ड वाकतं आणि ठसा कडेला सुटतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली गेला की उलटा त्रास होतो: स्टॅम्प ताठ होतो, ब्लॉक सोडतो. तळहातात दोन मिनिटं धरून ऊब दिली की पुरे.

धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ दातब्रश. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, अल्कोहोल असलेले वाइप्सही नकोत. त्यांनी पृष्ठभाग कोरडा पडतो आणि बारीक भेगा जातात. स्टॅझऑनसारख्या सॉल्व्हंट शाईलाही हेच लागू, ती आणि तिचा क्लीनर रबरी स्टॅम्पसाठी ठेवा. बोअरचं क्षाराचं पाणी असेल, तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने फिरवा. वाळलेल्या क्षाराचा पांढरा थर पाठीची पकड घालवतो. फडकं तंतू न सोडणारं असावं. ठशात केसासारखी पांढरी रेघ आली, तर ती बहुतेक वेळा तंतूचीच असते.

जुना किंवा वापरलेला संच घेताना

पिवळेपणाला घाबरू नका. उन्हाने आणि हवेने फोटोपॉलिमर पिवळा पडतोच, शाईचे डागही राहतात, आणि दोन्हींचा ठशावर परिणाम होत नाही. बघायचं ते वेगळं. रुंद भाग हलकेच वाकवा आणि वाकलेल्या कडेवर भेगा दिसतात का ते तपासा. भेगा असतील तर शाई त्यांत शिरते आणि ठशात कोळ्याचं जाळं उमटतं. पृष्ठभाग धुतल्यानंतरही ओशट लागत असेल, तर तो व्हिनाइल आहे आणि पुढे बिघडतच जाणार. संचातले सगळे स्टॅम्प शीटवरच्या बाह्यरेषांवर ठेवून मोजा, लहान ठिपके आणि सुटे अनुस्वार सर्वांत आधी हरवलेले असतात.

घरी आणल्यावर मूळ शीटवर चिकटवून, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, कपाटात अंधारात आडवे ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमध्ये नको. दोन स्टॅम्प एकमेकांना टेकतील असे ठेवू नका, उन्हाळ्यात ते एकमेकांना धरतात आणि सोडवताना बारीक रेषा तुटतात. मूळ शीट हरवली असेल तर ओएचपी शीटचा तुकडा चालतो.